वस्तीच्या गाडीने रायगड: कमी खर्चातले चार दिवस

संध्याकाळी महाडहून डोंगराकडे निघणारी शेवटची एसटी रात्री परत येत नाही. ती गावातच उभी राहते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून तालुक्याला येते. हिला वस्तीची गाडी म्हणतात. रायगड आणि त्याच्या आसपासची लेणी कमी खर्चात बघायची असतील, तर सगळी आखणी या एका गाडीभोवती करावी लागते.

कारण साधं आहे. ग्रामीण एसटी गावकऱ्यांच्या सोयीने धावते. सकाळी माणसं बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला तालुक्याच्या गावी येतात, पोरं कॉलेजला येतात. संध्याकाळी सगळे घरी परततात. गड बघायला येणारा नेमका उलटा चालतो. त्याला सकाळी तालुक्याहून डोंगराकडे जायचं असतं आणि संध्याकाळी डोंगराकडून तालुक्याला. त्या वेळेला त्या दिशेने गाडी नसते, असली तरी तासन्‌तास वाट बघावी लागते. मग अख्खी जीप ठरवली जाते आणि चार दिवसांच्या खर्चातला मोठा वाटा त्या एका फेरीत जातो. पायथ्याच्या गावात मुक्काम केला की आपण गावकऱ्यांच्याच दिशेने चालू लागतो आणि हा प्रश्न उरत नाही.

आखणी अशी: पहिल्या दिवशी गांधारपाले लेणी आणि महाड, रात्री रायगडाच्या पायथ्याचं पाचाड. दुसरा अख्खा दिवस रायगड, रात्र पुन्हा पाचाडलाच. तिसऱ्या दिवशी माणगावला येऊन कुडा लेणी. चौथ्या दिवशी तळगड करून परत. या सगळ्या जागांना बांधणारा धागा म्हणजे खाडी आणि घाट यांच्यामधली वाट. महाड हे सावित्रीच्या खाडीच्या माथ्यावरचं जुनं बंदर, मांदाड हे राजपुरीच्या खाडीवरचं. बंदरात उतरलेला माल घाटावर जायचा, त्या वाटेवर आधी भिक्खूंची लेणी झाली आणि दीड हजार वर्षांनी त्याच मुलखात मराठ्यांची राजधानी उभी राहिली.

निघण्याआधी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ चांगला. मार्चपासून रायगडाच्या पायऱ्यांचा कातळ सकाळी दहालाच तापतो आणि वर सावली फार थोडी आहे. पावसाळ्यात गड सुंदर दिसतो यात शंका नाही, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं, कड्यावरून दगड सुटतात आणि वरच्या माळाचं सगळं पाणी पायऱ्यांच्याच वाटेने खाली येतं. जुलै २०२४ मध्ये अशाच पावसात पायऱ्यांवरून लोंढा वाहू लागला, लोक मध्येच अडकले आणि पायवाट बंद करावी लागली. महाडला तर सावित्री आणि गांधारी अशा दोन नद्यांचं पाणी घेरतं. जुलै २०२१ चा पूर त्या गावाने अजून विसरलेला नाही. जून ते सप्टेंबर पायी गड चढायचा बेत करू नये.

याशिवाय वर्षातले काही ठरावीक दिवस टाळायचे. शिवराज्याभिषेक ६ जूनला होतो, शिवाय तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला; महाराजांची पुण्यतिथी चैत्र पौर्णिमेला. या दिवशी गडावर लाखाच्या घरात माणूस असतो. सोहळा बघायला जरूर जावं, अवशेष बघायला जाऊ नये. २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी महाडात मोठा जनसमुदाय येतो, त्या दिवसांत खोली मिळणं अवघड. गणपती आणि शिमग्याला कोकणाकडची गाडी रिकामी मिळत नाही. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींना एसटीच्या गाड्या दिल्या जातात, त्यामुळे गावाकडच्या फेऱ्या अचानक रद्द होतात. त्या दोन महिन्यांत आगाराच्या चौकशी खिडकीवर आदल्या संध्याकाळी विचारल्याशिवाय कुठल्याही सकाळच्या गाडीवर विसंबू नये. वार निवडता येत असेल तर सोमवार ते गुरुवार.

पैशांचं म्हणाल तर चौघांचा गट सगळ्यात किफायतशीर. रिक्षात चौघे मावतात, खोलीत चौघे झोपतात. माणशी तीन-साडेतीन हजार हाताशी ठेवले तर साध्या खोल्या, घरगुती जेवण आणि सगळा प्रवास त्यात बसतो. त्यातला निम्मा पैसा तीन मुक्कामांना लागतो, एसटीला सगळ्यात कमी. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ हवं, मोबाइलमधल्या फोटोवर वाद होतो. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार दिवसांचा पास इथे परवडत नाही. लांबचा पल्ला रेल्वेने केला की एसटीचं एकूण अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर राहतं. तेवढ्याला सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

सामानात पाठीवरची एकच पिशवी. माणशी दोन लिटर पाणी मावेल अशा बाटल्या, चांगली पकड असलेले बूट, टोपी, गुडघ्याचा त्रास असेल तर काठी, आणि एक चांगला टॉर्च. टॉर्च अंधारासाठी कमी आणि शिलालेखांसाठी जास्त लागतो, ते पुढे येईल. रोख पैसे सुट्यात ठेवावेत. पाचाडच्या डोंगरात मोबाइलची रेंज येते-जाते आणि नेमकं पैसे देतानाच जाते.

पहिला दिवस: गांधारपाले, महाड, पाचाड

ठाण्याजवळच्या दिवा स्थानकातून सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास सावंतवाडीची रेल्वेगाडी सुटते. ती पकडायची. बिनआरक्षित डब्यात बसायचं असेल तर दिव्यालाच चढावं; पनवेलला उभं राहायलाही जागा नसते. महाडसाठी वीर स्थानकावर उतरायचं, तिथपर्यंतचं तिकीट शंभराच्या आत येतं. वेळ मात्र निघण्याच्या आठवड्यात तपासून घ्यावी, कारण कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक निराळं असतं आणि ते ऑक्टोबरातही लागू असू शकतं. जाताना ही गाडी बहुधा फार रखडत नाही. रोह्यापासून वीरपर्यंतचा सुमारे ४७ किलोमीटरचा मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे एकेरी मार्ग आहे, त्याचा त्रास परतीच्या दिवशी होतो.

वीरला उतरून महामार्गावर यायचं आणि महाडकडे जाणारी एसटी किंवा सहा आसनी रिक्षा धरायची. महाडपर्यंत जाऊन मागे यायची चूक करू नये. लेणी मुंबईच्या बाजूला, महाडच्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे पाले गावाच्या डोंगरात आहेत आणि रस्त्यावरूनच दिसतात. वाहकाला ‘गांधारपाले’ सांगितलं की तो उतरवतो. पायऱ्या बांधलेल्या आहेत, चढ छोटा आहे, सावकाश गेलं तरी पाऊण तास पुरतो.

इथे सुमारे तीस लेणी आहेत, खालवर अशी खोदलेली. पहिलं लेणं सर्वांत मोठं, पुढे खांबांचा व्हरांडा, आत सभामंडप आणि मागे गाभाऱ्यात बुद्धमूर्ती. ती मूर्ती पुढच्या काळातली. मूळची लेणी मूर्तिपूजेच्या आधीची, साधी आहेत. पण इथली खरी गंमत एका शिलालेखात आहे. कुमार काणभोज विष्णुपालित याने काय दिलं त्याची त्यात यादी आहे: लेणं, चैत्यगृह, आठ कोठड्या, दोन बाजूंना दोन पोढ्या आणि लेण्याला जोडणारी वाट. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. ही यादी लक्षात ठेवून लेणी बघितली की ओसाड खोल्यांची ओळ राहत नाही. भिक्खूचा दगडी ओटा, दाराच्या अडसराची खाच, पावसाचं पाणी पोढीकडे वळवणारी पन्हळ अशी एकेक वस्तू ओळखू येते. दात्याने वाटेचाही उल्लेख केला, यावरून डोंगरात वाट कोरणं हे केवढं मोलाचं काम मानत होते ते कळतं.

ब्राह्मी अक्षरं समोरून उजेड पाडला तर दिसत नाहीत. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने तिरका धरायचा, म्हणजे खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि ओळी उठून येतात. अक्षरांवर खडू फिरवणं, पाणी मारणं, बोट घासणं असलं काही करू नये. दोन हजार वर्षांची कोरणी अशानेच पुसट होत गेली आहे.

दुपारी महाडात जेवून चवदार तळ्यावर जावं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या पाण्याला हात लावला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचं दहन झालं. तळं स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि घाई न करता बसावं अशी ती जागा आहे.

चारच्या आत एसटी स्थानकावर यायचं. फक्त ‘रायगड’ अशी पाटी शोधत बसू नये; पाचाडवरून पुढच्या गावाला जाणारी गाडीही चालते, तिच्यावर त्या गावाचं नाव असतं. चौकशीवर तीन गोष्टी विचारायच्या: पाचाडवरून जाणारी पुढची गाडी, त्यानंतरची शेवटची गाडी, आणि परवा पहाटे पाचाडहून महाडला येणारी पहिली गाडी. तिसरा प्रश्न लोक विचारायचे राहतात आणि तिसऱ्या दिवसाचं गणित तिथेच चुकतं. पंचवीसेक किलोमीटरचा हा रस्ता वळणांचा आहे, तासभर लागतो.

पाचाडला घरगुती राहण्याजेवण्याची सोय होते. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगितलं तर जेवण ताजं मिळतं. अचानक गेलं तर घरात असेल ते. भाव ठरवताना सकाळचा चहा-नाश्ता आणि आंघोळीचं गरम पाणी त्यात धरलं आहे का हे विचारून घ्यावं. दोन रात्रींचं एकत्र बोललं की थोडं कमी होतं. फार ताणू नये. या गावांचं वर्षाचं उत्पन्न या चार महिन्यांवरच असतं.

दुसरा दिवस: रायगड

उजाडताना निघायचं. पाचाडपासून चित दरवाजापर्यंत, म्हणजे पायऱ्या सुरू होतात तिथपर्यंत, दोन-तीन किलोमीटर डांबरी रस्त्याचा चढ आहे, तो पहाटेच्या गारव्यात चालून जावा, रिक्षाचे पैसे वाचतात आणि पाय मोकळे होतात. वर जाण्याचे मार्ग दोन, पायऱ्या आणि हिरकणीवाडीतून निघणारा रोपवे. १९९६ मध्ये सुरू झालेला हा रोपवे चार-पाच मिनिटांत वर नेतो. वयस्कर माणसं, लहान मुलं, गुडघेदुखी यांच्यासाठी तो वरदान आहे. पण ज्याचे पाय धड आहेत त्याने चढताना तो घेऊ नये, आणि कारण फक्त पैशाचं नाही. रायगडाचं बांधकाम शत्रूने पायी यावं हे गृहीत धरून केलेलं आहे. रोपवेने गेलेल्या माणसाला राजवाडा दिसतो, किल्ला दिसत नाही.

खुबलढा बुरूज डोक्यावर ठेवून वाट सुरू होते. पायऱ्यांचा आकडा दीड हजाराच्या आसपास, पण पायरी सारखी नाही. काही पायऱ्या दोन वितींच्या, काही गुडघ्याएवढ्या. सुरुवातीला उत्साहात झपाझप चढलेली माणसं नाणे दरवाजाच्या पुढे बसकण मारतात. पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश, बोलता येईल इतक्याच वेगाने चढावं. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी. एका बाटलीत गूळ, लिंबू आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी ठेवलं तर पोटऱ्यांत गोळे येत नाहीत. माकडांसमोर पिशवी उघडू नये. दीड ते अडीच तासांत महादरवाजा येतो.

इथे थांबायचं, आणि श्वास घेण्यापुरतं नाही. दरवाजा शेवटच्या वळणापर्यंत दिसत नाही. दोन प्रचंड बुरूज, एक पंचाहत्तर फुटांचा आणि दुसरा पासष्टचा, त्याला कवेत घेऊन उभे आहेत. येणाऱ्याला बुरुजाच्या पोटाशी वळूनच दरवाजासमोर यावं लागतं. हत्तीला धावायला जागा नाही, तोफेला नेम धरायला सरळ रेघ नाही, आणि वरून तटातल्या जंग्यांमधून, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या भोकांतून, मारा. दरवाजावर दोन बाजूंना कमळं आहेत, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या. राज्याभिषेकाला आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन याने गडावर हत्ती बघितले आणि या वाटेने हत्ती वर आले कसे याचं त्याला नवल वाटलं. आपण त्याच वाटेने चढून आलेले असतो, त्यामुळे ते नवल पटतं.

पुढे हत्ती तलाव, मग गंगासागर. गंगासागराच्या काठावर बारा कोनी मनोरे उभे आहेत. तिथून पालखी दरवाजाने बालेकिल्ल्यात शिरावं. सकाळी लवकर आलेल्याचा फायदा इथे कळतो: रोपवेची गर्दी पोचेपर्यंत तास-दीड तास हा भाग जवळजवळ आपला असतो. राणीवशाची जोती, प्रत्येकाला जोडलेले शौचकूप, सांडपाण्याच्या वाटा, अष्टप्रधानांचे वाडे, राजवाड्याचं जोतं. भिंती नाहीत, छपरं नाहीत, आणि लोक विचारतात की एवढी राजधानी गेली कुठे. वरचं काम लाकडाचं होतं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या डोंगरावर तोफा चढवल्या, गोळ्यांनी वाड्यांना आग लागली आणि लाकूड होतं ते सगळं जळून गेलं. त्या वेळी दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती. १० मे रोजी गड पडला. दगडाची जोती राहिली, म्हणून रायगड जोत्यांवरूनच वाचावा लागतो. जोत्यावरच्या चौकोनी खाचा म्हणजे लाकडी खांबांच्या बैठका. त्या एकदा ओळखू आल्या की दालन किती खणांचं होतं ते मोजता येतं.

राजसभा २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला तो इथे. समोर नगारखाना, या टोकाला सिंहासनाची जागा. एकाने नगारखान्याखाली उभं राहून हलक्या आवाजात बोलावं, दुसऱ्याने सिंहासनाच्या बाजूला ऐकावं. आवाज पोचतो. मात्र दहानंतर हा प्रयोग करण्यात अर्थ नाही, शाळेच्या सहली आल्या की कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही.

नगारखान्यातून बाहेर पडलं की होळीचा माळ, डावीकडे शिर्काई देवीचं छोटं देऊळ आणि पुढे बाजारपेठ. मधला रस्ता चाळीस फूट रुंद, दोन्ही बाजूंना बावीस-बावीस गाळे, पुढे ओसरी आणि मागे खोल्या. घोड्यावर बसून खरेदी करता यावी म्हणून जोतं उंच, असं सांगतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रांगेची सरळ रेघ. डोंगरमाथ्यावर, उतारावर, एवढी शिस्तीची बाजारपेठ आखणारा माणूस कोण, हे पुढच्या देवळात कळतं.

जगदीश्वराच्या प्रवेशद्वारापाशी भिंतीत संस्कृत शिलालेख आहे. गांधारपाल्याच्या लेखासारखीच हीसुद्धा यादी आहे. विहिरी, तळी, बागा, रस्ते, स्तंभ, हत्तीशाळा, राजवाडे यांनी नटलेल्या रायगडावर हिराजीने हे बांधलं, चंद्रसूर्य असेपर्यंत ते नांदो. आणि पायरीवर त्याच माणसाची एक ओळ: ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’. सगळ्या राजधानीचा बांधकामप्रमुख देवळाच्या पायरीवर आपलं नाव कोरतो, येणाऱ्याच्या पायाखाली. हा लेख सकाळीच बघून मग उरलेला गड फिरावा, असंही करता येतं. लेखातली एकेक वस्तू जागेवर शोधत जाण्यासारखी दुसरी मार्गदर्शिका नाही. देवळामागे महाराजांची समाधी. ३ एप्रिल १६८० ला इथेच ते गेले. तिथे टोपी काढून, पादत्राणं बाहेर ठेवून, मोठ्याने न बोलता थांबावं.

समाधीच्या पलीकडे, हवा स्वच्छ असेल तर, लिंगाण्याचा सुळका आणि मागे राजगड-तोरणा दिसतात. लिंगाणा तिथून जवळचा वाटतो. तो दोराशिवाय आणि जाणत्यांशिवाय चढण्याचा डोंगर नाही.

जेवण गडावरच्या झापांत मिळतं: पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. आधी ऑर्डर सांगून फिरून यावं, तासाभराने चुलीवरची गरम भाकरी तयार असते. तळ्यांचं पाणी गाळून, उकळूनही पिऊ नये. बाटलीबंद पाणी वर महाग मिळतं, कारण तेही कोणीतरी वाहून आणलेलं असतं.

तीनच्या सुमारास टकमक टोक. वाटेत दारूकोठाराचे अवशेष लागतात. टोकाकडची दांडी निमुळती आहे आणि दुपारनंतर वारा वाढतो. टोपी उडाली तर मागे धावायचं नाही, कठड्याच्या बाहेर पाय टाकायचा नाही. हिरकणी बुरूज आणि वाघ दरवाजा दोन्ही एका दिवसात ओढाताण करून बघण्यापेक्षा एकच नीट बघावा. उत्खनन आणि डागडुजी चालू असलेल्या जागा दोरी बांधून बंद केलेल्या असतात, तिथून आत शिरू नये. २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आता नियम आणखी काटेकोरपणे पाळले जातात आणि ते बरंच आहे.

चारला उतरायला लागायचं. उतरताना दम लागत नाही म्हणून लोक पळतात आणि गुडघा तिथेच जातो. पायरीवर पाऊल आडवं टाकावं, काठी खालच्या पायरीवर आधी. रोपवेने उतरायचा विचार असेल तर एकेरी तिकिटाचं आणि शेवटच्या फेरीचं दुपारीच विचारून ठेवावं. वारा फार असला की तो बंद ठेवतात, आणि सुटीच्या दिवशी रांग दोन-दोन तासांची होते.

पाचाडला उजेड असेतो जिजाऊंची समाधी आणि वाडा बघून घ्यावा. गडावरची थंड हवा मानवत नाही म्हणून त्यांच्यासाठी हा वाडा खाली बांधला, असं सांगतात. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला त्या इथे वारल्या. वाड्याची तटबंदी, आतली विहीर आणि जोती शांतपणे बघायला अर्धा तास लागतो. दिवसभर गड बघून आलेल्याला हा वाडा लहान वाटत नाही.

तिसरा दिवस: कुडा

पहाटे वस्तीची गाडी. ती वेळेवर सुटते, चालकाला पुढची फेरी असते. थांब्यावर दहा मिनिटं आधी उभं राहावं. गाडीत दूधवाले, कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका. बसायला जागा मिळेलच असं नाही. महाडला चहा घेऊन मुंबईकडच्या कुठल्याही एसटीने माणगाव गाठायचं. स्थानकाजवळ साध्या लॉजमध्ये खोली घेऊन पिशव्या तिथे टाकायच्या. तळगडाच्या पायथ्याच्या तळे गावात राहायची सोय कमी, म्हणून मुक्काम माणगावला.

माणगावहून इंदापूरमार्गे तळे वीस-पंचवीस किलोमीटर. तळ्यापासून कुडा मांदाडच्या रस्त्यावर आहे. तिकडच्या एसटीच्या फेऱ्या मोजक्या, म्हणून इथे एकदाच पैसे मोकळे सोडावेत: तळ्याच्या नाक्यावरून रिक्षा, जाऊन-येऊन आणि दोन तास थांबून, असा एकच आकडा ठरवायचा. थांबण्याचे वेगळे, असं नंतर निघालं की वाद होतो. चौघांत वाटलं तर जड जात नाही. नुसतं सोडायला सांगून परतीची गाडी मिळेल ही आशा धरू नये.

कुड्याला सव्वीस लेणी आहेत, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, वाट चांगली. राजपुरीच्या खाडीचं पाणी खाली दिसत राहतं आणि लेणी इथे का, हा प्रश्न पडतच नाही. मांदाडला महाभोज सरदारांचं ठाणं होतं. इथल्या लेखांत त्यांची नावं येतात, पण त्याहून वाचनीय आहेत बाकीचे दाते. महाभोज मांदव स्कंदपालित याच्या पदरच्या शिवभूती नावाच्या लेखकाचं घर. त्याचा धाकटा भाऊ शिवम याने सहावं लेणं दिलं, बायको विजया हिने कोरीवकाम, मुलींनी खांब. एका कुटुंबाने वर्गणी काढावी तसं. आणखी एक दाता कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. घाटावरचं लोखंड या खाडीपर्यंत येत होतं, याला याहून सरळ पुरावा लागत नाही.

सहाव्या लेण्याला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. दर्शनी भागात हत्ती, आत भिंतीवर स्त्री-पुरुषांची मोठी युगुलं, त्यांचे फेटे आणि दागिने नीट बघण्यासारखे. आसपास बुद्धमूर्ती आहेत त्या काही शतकांनंतर मोकळ्या भिंतींवर कोरलेल्या. दोन्हींची कोरणी वेगळी आहे; एकदा फरक कळला की इतर लेण्यांतही नंतरची भर आपोआप ओळखू येते. बाकीची लेणी लहान, भराभर होतात.

कड्याला आग्या मोहोळ असतं. धूर, अत्तर, आरडाओरडा, वर दगड मारणं, यांतलं काहीही जिवावर बेतू शकतं. माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड झाकून तिथून लांब जायचं. अंधाऱ्या लेण्यात वटवाघळांच्या मध्ये जाऊन बसू नये. पाचच्या आत रिक्षात. तळ्याहून संध्याकाळी इंदापूर-माणगावकडे येणं म्हणजे पुन्हा उलटी दिशा, त्यामुळे एसटी नसेल तर सहा आसनी भरण्याची वाट बघावी लागते. अंधार पडल्यावर तीही भरत नाही.

चौथा दिवस: तळगड आणि परत

खोली सोडून पिशवीसह पहिल्या गाडीने तळे. पिशव्या नाक्यावरच्या हॉटेलात ठेवतात, नाश्ता तिथे केला की नाही म्हणत नाहीत. गावामागूनच गडाची वाट, सावकाश तास-सव्वा तास. गड चिंचोळा आहे. तटाचे, दरवाजाचे अवशेष, कातळात ओळीने खोदलेली टाकी, आणि टोकावरून घोसाळगड व खाडीचा पसारा. गवत वाळलेलं असतं तेव्हा त्यावरून पाय घसरतो, उतरताना सांभाळावं. रायगडानंतर हा गड छोटा वाटला तरी टाकी बघायला जावंच. गांधारपाल्याच्या लेखातली पोढी आणि ही टाकी शेजारी ठेवून बघितली तर पाणी साठवायची रीत किती थोडी बदलली हे दिसतं.

अकरापर्यंत खाली, तळ्यातच जेवण, आणि दीडच्या आत इंदापूरकडे निघायचं. सावंतवाडीहून दिव्याला जाणारी गाडी माणगावला दुपार कलल्यावर येते. ती वीरपर्यंत एकेरी मार्गावरून येते, एक्स्प्रेस गाड्यांना वाट देत, त्यामुळे उशीर हा गृहीतच धरावा. गाडी निघाली का, कुठे आहे, हे मोबाइलवर बघून मगच तिकीट काढायचं. दोन तासांच्या वर उशीर दिसला तर माणगावहूनच पनवेलची एसटी धरावी. रविवार असेल तर मात्र गाडी कितीही उशिरा असली तरी रेल्वेच, कारण त्या संध्याकाळी माणगाव आणि इंदापूरच्या बाजारपेठांत महामार्ग तुंबतो आणि एसटी त्यातच अडकते. फलाटावर मागच्या टोकाला उभं राहावं, पुढचे डबे खेडपासूनच भरलेले असू शकतात.